अनुभव धागा : ठाणे-नवी मुंबईच्या घरांत वायफाय शेवटच्या खोलीपर्यंत कसं पोचवायचं?

ऐरोलीकर

"बेडरूममध्ये रेंजच नाही" हा विषय सोसायटीच्या ग्रुपवर सारखा निघतो आणि उत्तर ठरलेलं असतं : मोठा प्लॅन घ्या. भिंतीपलीकडे पोचत नसलेलं वायफाय प्लॅन वाढवून पोचत नाही, उगीच पैसे जातात. जाणकारांनी इथे नेमकं लिहावं ही विनंती : काय तपासायचं, काय घ्यायचं, कुठे गडबड होते. घर कशा प्रकारचं तेही लिहा. नौपाड्यातल्या जुन्या विटांच्या घराचा उपाय घोडबंदरच्या टॉवरमध्ये चालेलच असं नाही.

सुरुवात मी करते. आधी दोष लाइनचा की घरातला, हे वेगळं काढा. लॅपटॉप लॅन वायरने थेट राउटरला जोडा, त्याचं वायफाय बंद करा आणि वेग मोजा. मग त्रासाच्या खोलीत वायफायवर बसून राउटरच्या पत्त्यावर (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) मिनिटभर पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) चालू ठेवा. २ ते ५ मिलिसेकंद स्थिर येत असेल तर वायफाय ठीक आहे. आकडा शंभरावर उड्या मारत असेल किंवा मध्येच उत्तर गळत असेल, तर दुखणं घरात आहे. राउटरपर्यंत सगळं स्वच्छ आणि ८.८.८.८ वर (गूगलचा बाहेरचा सर्व्हर) अडखळत असेल, तर कंपनीकडे तक्रार करा, नवा राउटर आणू नका.

कासारवडवली_टॉवर

नव्या टॉवरमध्ये बरंच बांधकाम मिवान पद्धतीचं असतं. अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्रच ओततात, त्यामुळे आतल्या भिंतीही काँक्रीटच्या आणि आत सळयांची जाळी. वायफायच्या दोन बँडपैकी (२.४ आणि ५ गीगाहर्ट्झ) ५ गीगाहर्ट्झ एका भिंतीतच निम्म्याहून जास्त खचतं, दोन भिंतींपलीकडे नावापुरतं उरतं. त्यात फायबरचा पॉइंट बिल्डरने दिलेला असतो मुख्य दाराशी, डीबीच्या (विजेच्या मेन स्विचच्या पेटीच्या) बाजूला किंवा चपलांच्या कपाटात. म्हणजे राउटर घराच्या एका टोकाला आणि तोही पत्र्याच्या पेटीत!

फोनवर वायफाय अॅनालायझर अॅप घ्या आणि दर खोलीत आकडा लिहून ठेवा. आकडा उणे डीबीएममध्ये (सिग्नलच्या शक्तीचं माप) येतो, शून्यापासून जितका दूर तितका सिग्नल कमजोर. -५० झकास, -६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त, -७५ च्या पुढे आवाज तुटणार. दर ३ डीबीला सिग्नलची शक्ती निम्मी होते, त्यामुळे -६७ आणि -७३ यांतला फरक वाटतो तितका किरकोळ नाही.

ओएनटी (फायबर जिथे येऊन जोडली जाते तो कंपनीचा डबा) पेटीतच राहू द्या. तिथून कॅट-६ (लॅनची) वायर हॉलच्या मध्यापर्यंत न्या आणि राउटर दीड ते दोन मीटर उंचीवर मोकळा ठेवा. टीव्हीच्या मागे, आरशाशेजारी, लोखंडी कपाटावर किंवा फिश टँकजवळ नको. धातू सिग्नल परतवतो, पाणी पिऊन टाकतं.

मिवानच्या भिंतीला झिरी मारायची नाही, ती भिंतच इमारतीचा भार घेते. टीव्ही-टेलिफोनचा कन्सील्ड पाइप आधीच टाकलेला असतो, इलेक्ट्रिशियनकडून त्यात स्प्रिंग घालून वायर ओढून घ्या. विजेच्या वायरी असलेल्या पाइपमधून मात्र कधीच नाही. पाइप चोंदला असेल तर स्कर्टिंगवरून केसिंग पट्टी. साधारण टू-बीएचकेमध्ये दारापासून शेवटच्या बेडरूमपर्यंत २० मीटरच्या आत भागतं. दोन्ही टोकांना एकेक मीटर वायर जास्तीची सोडा, पिन (टोकाचा प्लॅस्टिकचा कनेक्टर) पुन्हा मारावी लागली तर कामाला येते.

वायरमन_कोपरी

वर कॅट-६ म्हटलंय, तिथेच लोक फसतात. स्वस्त वायरीत तांब्याचा फक्त मुलामा असतो, आत अॅल्युमिनियम. टोक सोलून ब्लेडने तार खरवडा. आत चंदेरी दिसली तर परत करा. ती दोनदा वाकवली की तुटते आणि पिनमध्ये नीट बसत नाही.

पिन मारताना दोन्ही टोकांना एकच क्रम : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ पिनपासून १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. प्लॅन २०० किंवा ३०० चा, पण टेस्टमध्ये ९४ च्या वर आकडा हलतच नाही. तो ९४ दिसला की समजा कुठेतरी १०० एमबीपीएसचा सांधा आहे. एक तर राउटरचे पोर्टच १०० चे आहेत (स्वस्त मॉडेलमध्ये सर्रास असतात), नाहीतर वायरच्या चारपैकी एक जोडी तुटली आहे. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, म्हणून नेट बंद पडत नाही आणि दोष महिनोन्‌महिने लपून राहतो. राउटर घेताना खोक्यावर "गिगाबिट पोर्ट" लिहिलंय का ते वाचा. अँटेना किती आहेत ते मोजत बसू नका.

रोहाउस_कोपरखैरणे

तळ अधिक दोन मजले, अरुंद प्लॉट आणि प्रत्येक मजल्यावर आरसीसी स्लॅब. खालच्या एका राउटरवर वरचा मजला चालत नाही. लोक एक्स्टेंडर (वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा) आणतात आणि जिथे रेंज नाही तिथेच लावतात. जे पोचतच नाही ते तो पुढे काय देणार? एक्स्टेंडर लावायचा तर अधल्यामधल्या जागी, जिथे -६० ते -६५ मिळतं. तरीही एकाच रेडिओवर घेणं आणि देणं दोन्ही चालत असल्यामुळे वेग निम्म्यावर येतो.

त्यापेक्षा जिन्यातून वायर वर न्या आणि घरात पडलेला जुना राउटर अॅक्सेस पॉइंट (वायरीतून आलेलं नेट वायफायने देणारा डबा) म्हणून लावा. त्याच्या पानावर जाऊन लॅन आयपी १९२.१६८.१.२ करा (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर), डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद करा, वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्यासारखाच ठेवा, चॅनल वेगळा द्या. वायर लॅन पोर्टमध्येच खोचा, वॅनमध्ये (बाहेरून नेट येण्याच्या पोर्टमध्ये) नाही. वॅनमध्ये घातली की वर वेगळंच नेटवर्क तयार होतं, मग खालच्या प्रिंटरवर वरून प्रिंट जात नाही आणि सगळे प्रिंटरला दोष देत बसतात.

ऐरोलीकर

रोहाउसदादा, मेश (मिळून एकाच नावाचं वायफाय देणारे दोन-तीन डबे) घेतला तर वायरीची कटकट वाचेल ना?

रोहाउस_कोपरखैरणे

ताई, विटांच्या भिंती असतील तर वाचेल. स्लॅब किंवा मिवान असेल तर मेशचे डबेही एकमेकांशी त्याच काँक्रीटमधून बोलणार. मेश जरूर घ्या, पण डबे वायरने जोडा. चालत्या कॉलवर खालून वर जायचं असेल तर मेशचा खरा उपयोग.

सीवूड्स_स्मार्टघर

उपकरणांबद्दल. स्मार्ट प्लग, बल्ब, दाराची बेल, बरेचसे कॅमेरे फक्त २.४ गीगाहर्ट्झवर चालतात. राउटरवर दोन्ही बँडचं नाव एकच ठेवलं असेल आणि सुरक्षा (पासवर्डची पद्धत) डब्ल्यूपीए३ असेल तर ती बऱ्याचदा जोडली जात नाहीत. त्यांच्यासाठी २.४ चं वेगळं नाव काढा, सुरक्षा डब्ल्यूपीए२, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. गेस्ट नेटवर्क वापरायचं असेल तर त्यातला "आयसोलेशन" (उपकरणांना एकमेकांपासून तोडणारा) पर्याय पाहून घ्या. तो चालू असला की फोनवरून टीव्हीवर कास्ट होत नाही.

कॅमेऱ्यांचा हिशेब कुणी करत नाही. १०८०पीचा एक कॅमेरा साधारण २ एमबीपीएस सतत वर पाठवतो. असे चार कॅमेरे क्लाउडवर रेकॉर्ड करत असतील तर ८ एमबीपीएस अपलोड दिवसरात्र गेलं. कार्डवर रेकॉर्डिंग ठेवा, क्लाउडवर फक्त हालचालीच्या क्लिप पाठवा.

आणि एक हळू उपकरण सगळ्यांना मागे खेचतं. डेटाचं १५०० बाइटचं एक पाकीट १ एमबीपीएसने पाठवायला १२ मिलिसेकंद लागतात, ५४ ने पाव मिलिसेकंदही नाही. तेवढा वेळ हवा अडलेली, बाकीचे सगळे थांबलेले. राउटरमध्ये जुना ८०२.११बी मोड (सुरुवातीच्या काळातलं हळू वायफाय) बंद करा.

टीव्ही वायरवर घ्या. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट १०० चाच असतो, पण ४के व्हिडिओला २५ एमबीपीएस पुरतात.

नेरुळ_सिडको

आमच्याकडच्या जुन्या सिडको इमारतींत भिंती आड येत नाहीत, शेजाऱ्यांचे राउटर येतात. २.४ वर फक्त १, ६ आणि ११ वापरा. "कमी गर्दी दिसते" म्हणून ३ किंवा ८ घेतलात तर दोन्हीकडचा गोंगाट वाट्याला येतो. ५ गीगाहर्ट्झवर ३६ किंवा १४९ पासून बघा. ५२ ते १४४ मध्ये रडार आढळलं तर राउटरला चॅनल सोडावा लागतो आणि कॉल मध्येच गळतो.

फायबर_घणसोली

पावसाळ्याचं लिहितो. गच्चीवरून लॅन वायर येत असेल तर खिडकीतून आत घेण्याआधी बाहेर खाली झोळ सोडा, पाणी तिथूनच टपकेल. झोळ नसेल तर पाणी वायरीवरून सरळ पिनपर्यंत येतं. पिन काढून उजेडात धरा. सोनेरी पट्ट्यांवर हिरवट थर दिसला तर पुसत बसू नका, पिन कापून नवी मारा आणि पोर्टच्या आतही पाहा.

फायबर असेल तर ओएनटीच्या पानावर आरएक्स पॉवर (फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाची शक्ती) बघा. -२७ डीबीएम ही साधारण शेवटची हद्द, -२५ च्या खाली गेलं की तक्रार नोंदवा. त्याआधी फर्निचरमागची वायर तपासा. ६ सेंटिमीटरपेक्षा लहान व्यासाचं वेटोळं करून टायने आवळलेली असेल तर सोडवा, बऱ्याचदा आकडा तिथेच सुधारतो. हिरवा कनेक्टर निळ्या सॉकेटमध्ये घातलेला दिसला तर तोही बदलून मागा. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, दोन्ही नीट टेकत नाहीत.

वीज गेल्यावर फक्त राउटरला यूपीएस देऊन भागत नाही, ओएनटीलाही लागतो. दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा, बहुधा १२ असतात. दोन्हींच्या अँपिअरची बेरीज करा आणि मिनी यूपीएस त्याहून थोडा वरचा घ्या. पिनचं धन टोक मधे आहे ना, हे छापील चिन्हावर पाहूनच जोडा.