रात्री पाणी द्यायला जाण्यासाठी लहान टॉर्च आणि लिथियम सेलची सुरक्षितता : सल्ला हवा

बांधावरचा
नमस्कार. आमच्याकडे शेतीपंपाची वीज आलटून पालटून एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते, त्यामुळे दारे धरायला रात्री एकट्याने उसात जावे लागते. पायाजवळची घोणस वेळेत दिसावी एवढा उजेड देणारी, खिशात मावणारी टॉर्च हवी आहे. खर्च ८०० रुपयांपर्यंत करता येईल. भाच्याने जुन्या लॅपटॉपमधून काढलेले १८६५० आकाराचे (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) दोन लिथियम सेल दिले आहेत, परंतु एकाचे निळे वेष्टन कडेला फाटले आहे. हे सेल वापरावेत का? घरात लहान मुले आहेत, तेव्हा चार्जिंगच्या वेळी काय काळजी घ्यावी?

सह्यवाट
मी तीन वर्षांपूर्वी ४,२०० रुपयांची टॉर्च घेतली आणि ती आजवर एकदाही बंद पडलेली नाही. आपण थोडा खर्च वाढवावा. खरे तर हेडलॅम्पच घ्यावा, कारण फावडे धरायला दोन्ही हात मोकळे राहतात.

वाइंडिंगवाला
बांधावरचे दादा, फाटक्या वेष्टनाचा सेल आजच बाजूला काढा. या सेलचे सबंध धातूचे कवच हेच ऋण टोक असते आणि त्याची कड वर धन टोकाच्या अगदी जवळ येते. मध्ये असते ते पातळ वेष्टन आणि एक चकती. वेष्टन फाटले की टॉर्चच्या आतल्या धातूला कवच टेकून शॉर्टसर्किट होऊ शकते. शिवाय दोन जुने सेल एकामागोमाग एक घालू नयेत. त्यांतला कमजोर सेल आधी रिकामा होतो, दुसरा त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतो आणि कमजोर सेल तापून आतला वायू बाहेर फेकू शकतो. एकाच सेलवर चालणारी टॉर्च घ्या.

नाशिकची काकू
माझ्या यजमानांनी जास्तीचा सेल किल्ल्यांच्या जुडग्यासोबत विजारीच्या खिशात ठेवला होता. पाच मिनिटांत खिसा जळाला, मांडीवर फोड आला आणि त्याचा डाग अजून आहे. तेव्हापासून आमच्या घरी सुटा सेल प्लॅस्टिकच्या डबीशिवाय हलत नाही.

रानटिटवी
मी ‘९९०० एमएएच’ (सेलमध्ये किती वीज साठते त्याचे माप) असे छापलेले सेल मोठ्या कौतुकाने घेतले होते. सोनाराच्या काट्यावर सेल २८ ग्रॅम भरला, तर चांगला सेल साधारण ४५ ग्रॅमच्या पुढे असतो. या आकारात फार तर ३५०० च्या आसपासचा आकडा खरा मानावा. सेल घेताना संरक्षक सर्किट (शॉर्ट झाल्यास किंवा जास्त चार्ज झाल्यास प्रवाह तोडणारी छोटी चकती) असलेलाच घ्यावा.

सह्यवाट
संरक्षक सर्किटमुळे सेल काही मिलिमीटर लांब होतो आणि अनेक टॉर्चमध्ये बसत नाही. माझ्या सेलला ते नाही, तरीही मला कधी त्रास झालेला नाही.

रानटिटवी
आपल्याला त्रास झाला नाही, म्हणून लहान मुले असलेल्या घरात तोच सल्ला देणे योग्य नाही.

पेन्सिलसेल
फाटका सेल वापरू नये, हे मीही सांगतो. लिथियम नकोच असेल, तर साध्या पेन्सिल सेलच्या टॉर्चमध्ये १.२ व्होल्टचे निकेल मेटल हायड्राइड सेल घाला. मात्र १४५०० हा लिथियम सेल दिसायला तसाच असला तरी ३.७ व्होल्टचा असतो आणि साध्या टॉर्चचा दिवा जाळू शकतो.

वाइंडिंगवाला
चार्जिंगचे राहिले होते. लिथियमसाठीचाच, ४.२ व्होल्टला थांबणारा चार्जर वापरा. घरातील माणसे जागी असताना, फरशीवर, अंथरुणापासून दूर चार्ज करा. उजेड मंदावला की टॉर्च बंद करा, कारण २.५ व्होल्टच्या खाली उतरलेला सेल पुन्हा चार्ज करणे धोक्याचे असते. खिशात ठेवताना मागचे झाकण अर्धा आटा सैल करा, म्हणजे अनेक टॉर्च चुकून पेटत नाहीत.

बांधावरचा
सर्वांचे मनापासून आभार. काल तालुक्याच्या गावी जाऊन ७५० रुपयांची, सेल आतच बंद असलेली आणि मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होणारी टॉर्च घेतली. आपल्यापैकी कोणीही अशी टॉर्च सुचवली नव्हती, आणि सेल संपला की ती टाकून द्यावी लागेल हेही मला कळते. परंतु काकूंचा अनुभव वाचल्यापासून सुटा सेल घरात आणण्याचे धाडस होत नाही. धाकटी मुलगी चार वर्षांची आहे आणि हाती लागेल ते डब्यात वाजवत बसते. जुन्या दोन्ही सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून ते कोरड्या वाळूच्या डब्यात गोठ्याबाहेर ठेवले आहेत. ई-कचरा घेणारे कोणी जवळपास असल्यास कृपया कळवावे.