एमएसच्या एलओआरसाठी एचओडी सर की शिकवलेल्या मॅडम?

बीई_कॉम्प
पुढच्या फॉलसाठी (शरद सत्रासाठी) अमेरिकेत एमएस कॉम्प्युटर सायन्सला ८ ठिकाणी अर्ज करायचे आहेत. जवळपास सगळीकडे ३ एलओआर (शिफारसपत्रं) लागतात. पर्याय: एचओडी (विभागप्रमुख, काही शिकवलेलं नाही), प्रोजेक्ट गाइड, डीबीएमएसची (डेटाबेस विषयाची) थिअरी आणि लॅब दोन्ही घेतलेल्या मॅडम, दोन महिन्यांच्या इंटर्नशिपचे मॅनेजर. घरचे म्हणतात, एचओडींची सही वजनदार. कोणाला विचारू?

खडू_फळा
गाइड, मॅडम, मॅनेजर. एचओडींना वगळा.

पत्रासोबत पोर्टलवर एक फॉर्मही असतो: किती काळ ओळखता, कोणत्या नात्याने, वर्गात वरच्या ५ टक्क्यांत की १० टक्क्यांत. ज्यांनी शिकवलंच नाही ते तिथे काय भरणार? मग पत्रात 'मेहनती, शिस्तप्रिय, मनमिळाऊ' एवढंच उरतं. तसं ते कुणाबद्दलही लिहिता येतं. मॅडम मात्र लिहू शकतात की मिनी प्रोजेक्टमध्ये क्वेरी का रखडत होती, ते तुम्ही कसं शोधलंत. मॅनेजरांचं पत्र एकच ठेवा. संशोधनाकडे झुकलेला कोर्स असेल तर तिन्ही प्राध्यापकांची बरी.

विचारताना 'एलओआर द्याल का' म्हणू नका, त्याला सगळे हो म्हणतात. 'माझ्या कामाबद्दल नेमकं लिहिता येईल का' असं विचारा. सर घुटमळले तर आभार मानून दुसरीकडे जा.

डेडलाइनवाला
बऱ्याच डेडलाइन १५ डिसेंबरच्या आसपास असतात. आपल्याकडे तेव्हाच ओरल, सेमिस्टरचे पेपर आणि तपासणी, त्याआधी दिवाळी. म्हणून सप्टेंबरातच विचारा. सोबत मार्कशीट, रेझ्युमे, एसओपीचा (अर्जासोबतच्या उद्देश सांगणाऱ्या निबंधाचा) मसुदा, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि युनिव्हर्सिटी-तारखांचा एक तक्ता द्या. ८ अर्ज म्हणजे प्रत्येकाला पत्र अपलोड करायच्या ८ वेगळ्या लिंक. काही कॉलेजं एका प्राध्यापकाने किती पत्रं द्यायची याला मर्यादा घालतात, ते आधी विचारून घ्या.

लिंक शक्यतो कॉलेजच्या ई-मेलवर मागवा. जीमेलवरचं पत्र काही विभाग खात्री करून घेतल्याशिवाय धरत नाहीत. आली नाही तर स्पॅम पाहायला सांगा. पोर्टलवर स्मरणपत्र पाठवायची सोय बहुधा असते. काही ठिकाणी मात्र अर्ज सबमिट केल्यावरच लिंक जाते, त्यामुळे शेवटच्या रात्री सबमिट केलात तर सर काय करणार?

बीई_कॉम्प
गाइड म्हणतात, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' आणि पत्र वाचायचा हक्क सोडता का, असं फॉर्म विचारतो. काय निवडू?

खडू_फळा
हक्क सोडा. १९७४ च्या फर्पा या अमेरिकी कायद्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपली नोंद, त्यात ही पत्रंही, पाहता येते. हक्क राखलात तर लिहिणाऱ्याने हात राखून लिहिलं असेल अशी शंका येते.

मसुदा लिहून नेऊ नका. एका हाताची तीन पत्रं पटकन ओळखू येतात: तीच विशेषणं, तीच वाक्यांची ठेवण, एसओपीतलाच प्रसंग. गाइडना एका पानावर मुद्दे द्या: तुम्ही नेमकं काय केलंत, कुठे अडलात, डेटासेट केवढा, निकाल काय. वाक्यं त्यांची असू देत. आणि सरांच्या नावाने जीमेल काढून स्वतः अपलोड करण्याच्या फंदात चुकूनही पडू नका. पडताळणीत सापडलं तर मिळालेला प्रवेशही जातो.

डेडलाइनवाला
चौथं नाव आत्ताच हाताशी ठेवा. पत्र येईपर्यंत नाव बदलता येतं, आलं की बहुतेक पोर्टल बदलू देत नाहीत.