लेकीला अळीच हवी, फुलपाखरू नको! (पोकेमॉन लेट्स गो – सल्ला हवा)

अनुची_आई

नमस्कार मंडळी. मला गेममधलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

भावाने दिवाळीला येताना लेकीसाठी (वय ८) त्याचा जुना स्विच (गेम खेळायचं यंत्र) आणि 'लेट्स गो पिकाचू' हा पोकेमॉनचा गेम आणला. पहिल्याच जंगलात तिने एक हिरवी अळी पकडली, कॅटरपी. नाव ठेवलं भेंडी. तेव्हापासून पिकाचूला कोणी विचारत नाही. या गेममध्ये एक पोकेमॉन बॉलबाहेर काढून आपल्यामागे चालवता येतो. तर ती अळी बिचारी सरपटत मागे येते, आणि आमच्या बाईसाहेब दर चार पावलांवर थांबून ती येतेय ना ते बघतात.

सातव्या लेव्हलला स्क्रीन चमकायला लागली. "माझी भेंडी बदलतेय!" म्हणून हिने घर डोक्यावर घेतलं, तेव्हा तिच्या आतेभावाने (इयत्ता नववी) बी दाबून प्रकरण थांबवलं. आता तर दर लेव्हलला हाच सोहळा. आतेभाऊ म्हणतो, अळी कुचकामी आहे, बॉक्समध्ये (टीमबाहेर, साठवणीत) टाक, नाहीतर पहिल्या जिममध्येच (लढतीच्या ठाण्यात) अडकशील. त्यावर रडारड.

तर जाणकारांनी सांगा, अळीला अळीच ठेवून हा गेम पुढे खेळता येतो का? की पोरीची समजूत घालू? आणि तिला आवडतील असे आणखी अळीसारखे पोकेमॉन कुठले?

जुना_गेमबॉय

ताई, आतेभावाला सांगा, बॉक्समध्ये अजिबात टाकायचं नाही.

कॅटरपी सातव्या लेव्हलला मेटापॉड होते, म्हणजे कोश, आणि दहाव्या लेव्हलला बटरफ्री, म्हणजे फुलपाखरू. इतक्या लवकर पूर्ण वाढ होणारे पोकेमॉन फार थोडे. बाकीची मंडळी तोवर शाळेतही गेलेली नसतात. आम्ही फायररेड (पोकेमॉनचा जुना गेम) खेळायचो तेव्हा बटरफ्री दहाव्या लेव्हललाच कन्फ्यूजन ही मूव्ह (लढाईतला डाव) शिकायचा आणि पंधराव्याला स्लीप पावडर. शिवाय त्याची कंपाउंड आइज ही ॲबिलिटी (पोकेमॉनचा अंगचा गुण)! स्लीप पावडर एरवी शंभरात 75 वेळा लागते, या ॲबिलिटीमुळे ते प्रमाण 97.5 वर जातं. समोरचा झोपला की बॉल फेकायचा, काम फत्ते. नवे पोकेमॉन पकडायला सुरुवातीच्या भागात याच्याइतका कामाचा गडी नाही.

त्याआधीच्या यलो या गेममध्ये तर हाच तारणहार होता. तिथे सुरुवातीला पिकाचूच मिळायचा आणि पहिल्या जिमचा प्रमुख ब्रॉक, त्याच्या दगडी पोकेमॉनांना विजेचा झटका शून्य लागायचा. मग जंगलात परत जाऊन अळी पकडायची, दहाव्या लेव्हलपर्यंत न्यायची आणि कन्फ्यूजनने ऑनिक्सला लोळवायचं.

अवांतर: मुंबईत कधी आलात तर भेंडीला चारचौघांत मोठ्याने हाक मारू नका म्हणावं. :)

नंबर_एक

बॉक्स. विषय संपला.

कॅटरपीच्या सगळ्या स्टॅट्सची (ताकद, वेग वगैरेंच्या आकड्यांची) बेरीज 195 आहे. मॅजिकार्पची 200. हो, तोच मॅजिकार्प, जो पाण्याबाहेर नुसता फडफडतो. बटरफ्री झाला तरी 395, आणि वर दगडाची कुठलीही मूव्ह चौपट लागते, कारण तो किडाही आहे आणि उडणाराही. ज्या ब्रॉकसाठी एवढी तयारी करायची, त्याच्याकडे दगडच दगड.

अळीच हवी असेल तर त्याच जंगलात वीडल मिळते, ती घ्या. ती दहाव्या लेव्हलला बीड्रिल होते. बीड्रिलची बेरीजही 395 आहे, पण लेट्स गोमध्ये शेवटाकडे त्याची मेगा इव्हॉल्यूशन (लढाईपुरतं जास्त ताकदवान रूप) करता येते. मेगा झाल्यावर अटॅक 150 आणि स्पीड 145. कुठे ते, कुठे तुमची भेंडी.

टोरांटोकर

वरच्या दोन्ही काकांनी (काका म्हटलं तर चालेल ना?) ताईंचा गेम नीट वाचलेला दिसत नाही. त्या लेट्स गो खेळतायत, 2018 चा. त्यात ॲबिलिटी हा प्रकारच नाही. त्यामुळे जुना_गेमबॉय, तुमची कंपाउंड आइज तिथे लागू नाही, स्लीप पावडर 75 टक्क्यांवरच राहणार. तरी चांगलीच आहे म्हणा. हातात वस्तूही देता येत नाहीत, म्हणजे इव्हॉल्यूशन रोखायला एव्हरस्टोन देऊ म्हटलं तर तोही मार्ग बंद. बी दाबणं हाच सोपा उपाय.

आतेभावाची भीती मात्र निराधार आहे. ब्रॉकच्या जिमच्या दारात एक माणूस अडवतो आणि गवती किंवा पाण्याचा पोकेमॉन दाखवा म्हणतो. पिकाचूवाल्या आवृत्तीत ऑडिश पहिल्याच रस्त्यावर मिळतो, आणि ऑडिशपुढे ब्रॉकची मंडळी टिकत नाहीत. पिकाचूही या गेममध्ये डबल किक शिकतो, तीही दगडांवर छान चालते. भेंडीने त्या वेळी मागे बसून टाळ्या वाजवल्या तरी चालेल. लढाईत न उतरताही तिला एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळत राहतो. पोकेमॉन पकडला तरी सगळ्या टीमला मिळतो.

आता मुद्द्याचं. अळी अळीच ठेवायची असेल तर सगळ्या मालिकेत याइतका सोयीचा गेम क्वचितच सापडेल. कारण कँडी. जास्तीचे पोकेमॉन प्रोफेसर ओककडे पाठवले की कँडी मिळतात. त्यात कॅटरपीची स्वतःची कँडीही असते, आणि ती खाऊ घातली की तिची प्रत्येक स्टॅट एकाने वाढते. ही वाढ प्रत्येक स्टॅटला 200 पर्यंत नेता येते. 45 स्पीडच्या अळीला 200 ची भर पडली की काय होत असेल, नंबर_एक, तुम्हीच हिशेब करा.

अडचण एकच, ती म्हणजे मूव्ह्ज. अळीचा संसार अगदी मोजक्या मूव्ह्जवर चालतो, मुख्य म्हणजे टॅकल (धडक) आणि स्ट्रिंग शॉट (चिकट धागा). टीएम (मूव्ह शिकवायची वस्तू) वापरून तिला काही शिकवता येत नाही. पुढे लॅव्हेंडर टाउनचा मनोरा लागतो, तिथे बहुतेक भुतंच. टॅकल भुतातून आरपार जाते, शून्य नुकसान. त्या मनोऱ्यात भेंडीने काही करावं अशी अपेक्षा ठेवू नका. बाकीचे पाच जण कशाला आहेत?

अनुची_आई

बापरे, किती ती माहिती! टोरांटोकर, खूप धन्यवाद. भेंडी मागे बसणार आणि तरी मोठी होणार हे ऐकून लेक एकदम खूश झाली. पण या कँडीसाठी किती अळ्या पकडायच्या? आणि त्या ओकआजोबांकडे पाठवल्या की त्यांचं पुढे काय होतं, हा प्रश्न आलाय. मी "शेतावर राहतात" असं ठोकून दिलंय.

टोरांटोकर

शेताचं उत्तर ठेवा, मीही भाचीला तेच सांगितलंय.

भरपूर पकडाव्या लागतील, पण त्यात मजा आहे. या गेममध्ये पोकेमॉन गवतात लपलेले नसतात, समोर फिरताना दिसतात. व्हिरिडियन फॉरेस्टमध्ये उभं राहायचं आणि दिसेल ती कॅटरपी पकडत सुटायचं. मध्ये दुसरा कुठला पोकेमॉन पकडायचा नाही. याला कॅच कॉम्बो म्हणतात. कॉम्बो वाढेल तशा चांगल्या स्टॅट्सच्या अळ्या येऊ लागतात आणि 31 च्या पुढे शायनी (दुर्मीळ, वेगळ्या रंगाचा पोकेमॉन) दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. शायनी कॅटरपी हिरवी नसते, सोनेरी पिवळी असते. आठ वर्षांच्या मुलीला ती एकदा दिसली की जेवायला बोलावूनही यायची नाही, हा धोका लक्षात घ्या.

काजवा

मला गेममध्ये गती नाही, पण अळ्यांमध्ये आहे, म्हणून लिहितोय.

अनुची_आई, गॅलरीत कढीपत्ता किंवा लिंबाचं झाड आहे का? असेल तर पानाच्या खालची बाजू बघा. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी तपकिरी-पांढरी अळी सापडेल, मोठी झाली की तीच गुळगुळीत हिरवी होते. काडीने हलकेच डिवचली की डोक्यामागून लालसर, दोन फाट्यांचं ओलसर शिंग बाहेर येतं. त्याला उग्र वास असतो, आंबूस म्हणा. क्षणभर ते थरथरतं आणि पुन्हा आत ओढलं जातं. आता तुमच्या भेंडीच्या डोक्यावरचं लाल शिंग बघा. गेममधल्या माहितीतही हेच दिलंय की ती त्या शिंगातून घाण वास सोडून पक्ष्यांना पळवते. ही हुशारी स्वॅलोटेल कुळातल्या फुलपाखरांच्या अळ्यांची. आपल्या राज्याचं फुलपाखरू ब्लू मॉरमॉन याच कुळातलं, आणि त्याची अळीही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढते. 2015 मध्ये महाराष्ट्राने ते निवडलं, आणि राज्य फुलपाखरू ठरवणारं देशातलं ते पहिलं राज्य.

पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी तोक्योजवळच्या माचिदात किडे गोळा करत हिंडायचे, मित्र त्यांना किडेवाला डॉक्टर म्हणायचे. पुढे ती शेतं आणि तळी जाऊन इमारती आल्या. पकडा, जमवा, अदलाबदल करा हा खेळ तिथूनच आलाय, तेव्हा अळीवर जीव जडणं हे या गेमच्या मुळालाच धरून आहे.

एक सुचवतो. कढीपत्त्यावरची अळी फांदीसकट बरणीत ठेवा, तोंडाला जाळी बांधा, रोज ताजा पाला द्या. ती कोश करेल आणि आठवड्या-दोन आठवड्यांत फुलपाखरू निघेल. तेवढं बघितलं की भेंडीचं काय करायचं ते लेकच ठरवेल. फक्त कोशाला हात लावू देऊ नका, आणि फुलपाखरू बाहेर आल्यावर पंख वाळेपर्यंत तास-दोन तास हलवू नका.

जुना_गेमबॉय

काजवा, वा! ही माहिती आम्हाला शाळेत कोणी दिली असती तर!

टोरांटोकर, ॲबिलिटीबद्दल मान्य, मी स्विचवर खेळलेलो नाही. अनुची_आई, अजून एक: जंगलात सरळ मेटापॉड दिसला तर मोहात पडू नका. जुन्या गेमांमध्ये रानात पकडलेल्या मेटापॉडला हार्डन सोडून काहीच यायचं नाही. आम्ही दोघा मित्रांनी एकदा लिंक केबल (दोन गेमबॉय जोडणारी वायर) लावून मेटापॉड विरुद्ध मेटापॉड लावला होता. दोघेही आपापले घट्ट होत बसले. हार्डन 30 वेळा वापरून संपेपर्यंत कोणी कोणाच्या केसालाही धक्का लावला नाही. कोश हवा तर कॅटरपी वाढवूनच करायचा, म्हणजे टॅकल सोबत येते.

वडाची_पारंबी

मूक वाचक, पहिल्यांदाच लिहितेय. इतका काथ्याकूट कशाला? दोन कॅटरपी ठेवा! भेंडी भेंडीच राहू दे. दुसरी पकडा, तिचं पडवळ नाव ठेवा आणि तिला होऊ दे फुलपाखरू. दोन्ही एकाच टीममध्ये मावतात.

आणि आतेभावाला हातात दुसरा जॉय-कॉन (स्विचचा छोटा कंट्रोलर) द्या. हलवला की तो दुसरा खेळाडू म्हणून आत येतो आणि टीममधला दुसरा पोकेमॉन चालवतो. समोर शत्रूचा एक आणि आपले दोन. बॉलही दोघांनी एकदम फेकता येतो. त्याला पडवळ चालवायला दिलं की "कुचकामी" वगैरे भाषा आपोआप बंद होईल.

अनुची_आई

वडाची_पारंबी, पडवळ!!! लेक हसून हसून लोळली. आज संध्याकाळी मोहीम निघतेय. आतेभावाने एका अटीवर होकार दिलाय, पडवळचं नाव तो बदलणार.

काजवा, कढीपत्ता आहे, उद्या उजेडात बघते. बाकीच्या अळ्यांचं कोणी सांगेल का?

टोरांटोकर

वर्मपल नक्की आवडेल. ती लाल, काटेरी, थोडी रागीट दिसते. सातव्या लेव्हलला तिचा कोश कुठला होणार हे खेळणाऱ्याच्या हातात नसतं. सिल्कून झाला तर ब्युटिफ्लाय, कॅस्कून झाला तर डस्टॉक्स हा पतंग. पण ती लेट्स गोमध्ये नाही, त्यात पहिले 151 आणि मोजके नवे एवढेच.

स्कॅटरबग म्हणजे माझ्या मते सगळ्यात भारी. त्यातून व्हिव्हिलॉन हे फुलपाखरू होतं आणि त्याच्या पंखांची नक्षी जगातल्या प्रदेशाप्रमाणे बदलते. फोनवर पोकेमॉन गो असेल तर वेगवेगळ्या देशांतल्या मित्रांनी पाठवलेल्या भेटींची पोस्टकार्डं पिन करायची. एका प्रदेशाची तीन झाली की त्या नक्षीचा स्कॅटरबग भेटायला येतो, मग नऊवर, मग पंधरावर. ज्याची आत्या दुबईत, मामा जर्मनीत आणि चुलत बहीण सिडनीत आहे अशा आपल्या कुटुंबांसाठीच हे काढलंय असं वाटतं. मला फ्रेंड कोड व्यनि (खाजगी निरोप) करा, कॅनडाची पोस्टकार्डं मी पाठवतो.

गोमधल्या कॅटरपी लेट्स गोमध्येही नेता येतात, फ्यूशिया सिटीच्या गो पार्कमध्ये. कँडीसाठी तोही एक झरा. मात्र एकदा नेल्या की गोमध्ये परत येत नाहीत.

नंबर_एक

माझं मत कायम आहे. पण 200 ची भर घातलेली कॅटरपी एकदा एलिट फोरसमोर (गेमच्या शेवटच्या चार तगड्या खेळाडूंसमोर) उतरवून बघायला मला आवडेल. कोणी केलं तर व्हिडिओ टाका.

बोरिवली_फास्ट

धागा वर काढतोय. माझा मुलगाही अळीवेडा आहे. त्याच्यासाठी पोकेमॉन स्कार्लेट घ्यावं म्हणतोय, त्यात कॅटरपी आहे का?

टोरांटोकर

नाही, त्यात कॅटरपी येत नाही. स्कॅटरबग आहे. कॅटरपीच हवी असेल तर लेट्स गो किंवा स्वॉर्ड-शील्ड घ्या. स्वॉर्डमध्ये ती अगदी सुरुवातीलाच भेटते आणि त्यातला बटरफ्री जायगँटामॅक्सही (लढाईपुरता महाकाय) होतो, उंची 17 मीटर. फक्त मूळ गेममध्ये त्यासाठी साधा बटरफ्री चालत नाही, जायगँटामॅक्स होणारा वेगळा मिळवावा लागतो. तेव्हा घेण्याआधी मुलाला नक्की अळी हवी की मोठं फुलपाखरू, ते विचारून घ्या.