९ जणांच्या दुकानाला स्वतःचा सर्व्हर पायजे का?

गांधीबागवाला
मंडळी, एक सल्ला पायजे. आपलं नागपुरात कापडाचं होलसेल, माणसं ९, त्यातले ५ कॉम्प्युटरवर. टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा माझ्या केबिनमधल्या जुन्या पीसीवर शेअर करून ठेवलाय, बाकीचे तिथूनच चालवतात. आता तो पीसी म्हातारा झाला, विंडोज १० आहे, त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला अन् ११ त्याच्यावर चढत नाही. कॉम्प्युटरवाला म्हणतो टॉवर सर्व्हर घ्या, लायसन्स, यूपीएस सगळं पकडून पावणेदोन लाख. भाचा म्हणतो मामा कायले डब्बा पाळता, क्लाउडवर, म्हणजे नेटवरून चालणाऱ्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर टाका अन् महिन्याचं भाडं द्या. दोघंही आपलेच, दोघंही ठासून सांगून राहिले. तुमच्याकडे काय चालू आहे?

हार्डवेअर_काका
भाऊ, डब्बा घ्या, डोळे झाकून घ्या. १९ वर्षं झाली मी इतवारी-गांधीबागेत मशिनी बसवून राहिलो. सिमेंट रोडचं काम निघालं की जेसीबीवाला पहिले फायबर तोडते अन् मग विचारते हे कोणाचं होतं. नेट गेलं की क्लाउडवाल्या दुकानात पाच पोरं हात बांधून बसते, गिऱ्हाईक समोर उभं, अन् सेठ कस्टमर केअरले फोन लावून गाणं ऐकत बसते. आपला डब्बा आपल्या दुकानात, नेट असो नसो बिल निघते. भाडं एक महिना थकलं तर कोणी आपला डेटा अडवून धरत नाही.

क्लाउडवाला_पोट्टा
काका, तुम्ही मे महिना विसरून राहिले. फायबर वर्षातून दोन-तीनदा तुटतं, मेची भट्टी दरवर्षी महिनाभर पेटते. मागच्या उन्हाळ्यात वर्धमान नगरकडे एका गोदामात गेलो होतो. सर्व्हर माळ्यावर, वर टिनाचं छप्पर, अन् गरम होते म्हणून त्याच्या थोबाडासमोर डेझर्ट कूलर लावलेला! झाकण उघडलं तर आत खसचा भुसा, हीटसिंकवर पांढरे क्षार, रॅमच्या खाचेत हिरवट गंज. म्हणजे मशीन उन्हानं कमी अन् कूलरच्या ओल्या हवेनंच जास्त मेली. एसी लावायचा तर तो २४ तास चालवणार का? नुसता १५० वॅटचा सर्व्हर दिवसरात्र चालला तर महिन्याला १०८ युनिट, एसीचं वेगळं. त्या गरमीत यूपीएसच्या बॅटऱ्या दोन उन्हाळे काढल्या तरी नशीब. कोटेशनमध्ये हे कोणी लिहीत नाही.

हार्डवेअर_काका
@पोट्टा बेटा, कूलर मी नाही लावला तो 😄 डब्बा तळमजल्यावर ठेवायचा, माळ्यावर कोण ठेवते बे?

क्लाउडवाला_पोट्टा
तळमजल्यावर? २२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र आठवते का काका, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदी लोकांच्या घरात शिरली होती. ज्यांचे कॉम्प्युटर खाली ठेवले होते त्यांना विचारा तळमजला कसा असतो ते.

हिंगणा_फॅब्रिकेशन
मी लोकलवाला, पण काकांच्या कारणानं नाही. आमचं एमआयडीसीत शीट मेटलचं काम आहे, एकेका असेंब्लीचं ड्रॉइंग ३०० एमबी. गिगाबिट लॅनवर, म्हणजे कारखान्यातल्या आतल्या वायरीवर, तीन-चार सेकंदात उघडतं, १०० एमबीपीएसच्या नेटच्या लाईनीवर तेच पंचवीस सेकंद, ते पण लाईन मोकळी असेल तर. चार पोरं दिवसभर उघड-बंद करतात, हिशोब लावा. टॅलीचं असं काही नाही, तिचा डेटा चिमुकला असतो, त्याच्यासाठी पावणेदोन लाखाचा सर्व्हर कशाला, एक बरा नवा पीसी एसएसडीवाला घेतला तरी ५ जण आरामात चालतात.

पण आमचं तोंड कसं भाजलं ते सांगतो. वडिलांना घरून हिशोब पाहायचा होता म्हणून आमच्या इंजिनियरनं राउटरमध्ये ३३८९ पोर्ट सरळ खुला करून दिला, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा थेट रस्त्यावर. पासवर्ड कंपनीचं नाव अन् १२३. तिसऱ्या आठवड्यात सोमवारी सकाळी शटर उघडलं तर प्रत्येक फाईलच्या नावापुढे काहीतरी अगडबंब शेपूट अन् डेस्कटॉपवर पैसे मागणारी चिठ्ठी. बॅकअप होता की! त्याच सर्व्हरला कायम लावून ठेवलेल्या हार्डडिस्कवर. तीही गेली. दोन डिस्कचं रेड होतं, म्हणजे एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप नक्कल, ते काय कामाचं, दोन्हीवर तोच कचरा इमानदारीत लिहून मोकळं. शेवटी एका गिऱ्हाईकाच्या मेलमधून आमचीच जुनी ड्रॉइंगं मागून आणली, लाज वाटली पण आणली. आता पोर्ट बंद, बाहेरून यायचं तर व्हीपीएन, म्हणजे नेटवरची कुलूपबंद खाजगी वाट, अन् दोन डिस्क आळीपाळीनं, एक नेहमी माझ्या घरच्या कपाटात.

सीए_ताई
काका, नेट नसताना बिल निघतं हे अर्धंच खरं. ज्यांचा टर्नओव्हर ५ कोटींच्या वर गेलाय त्यांचं व्यापाऱ्याला दिलेलं बिल आयआरएन, म्हणजे ई-इन्व्हॉइसचा सरकारी नंबर, घेतल्याशिवाय बिल म्हणूनच धरत नाहीत, अन् तो नंबर नेटवरूनच येतो. माल पाठवताना लागणाऱ्या ई-वे बिलाचंही तेच. म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट का होईना, तुम्हाला नेट लागणारच. ते एकच कारण धरून डब्बा घेऊ नका.

आणि @गांधीबागवाला, फर्म आहे की प्रायव्हेट लिमिटेड? लिमिटेड असाल तर हिशोबाचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्याच सर्व्हरवर जायला हवा असा नियम आहे, आधी ठरावीक काळानं चालायचं, २०२२ मध्ये ते रोजचं केलं. फर्मला तो लागू नाही, पण जीएसटीचे कागद ७२ महिने सांभाळायचेच, तेही वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून मोजून. माझे अर्धे क्लायंट सर्व्हर की क्लाउड यावर तासभर भांडतात अन् गेल्या महिन्याचा बॅकअप उघडून दाखवा म्हटलं की चहा मागवतात.

क्लाउडवाला_पोट्टा
ताई एकदम बरोबर. फक्त एक सांगतो, क्लाउड म्हणजे ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये, जे आपोआप नेटवर कॉपी होत राहतं त्यात, चालू टॅलीचा डेटा टाकणं नाही हां! इकडे पोरगं एंट्री मारते, तिकडे सिंक फाईल ओढते, डेटा करप्ट. चालू डेटा बाहेर, टॅली बंद करून घेतलेला बॅकअप ड्राइव्हवर.

हार्डवेअर_काका
चला, पोट्टा निदान बॅकअप तर मानते. मी पण थोडं खाली येतो, सर्व्हर नको तर नको, नवा पीसी घ्या, पण दुकानातच. क्लाउडचं भाडं कोणाले परवडते, पाच वर्षं भरत राहा अन् हातात डब्बा पण नाही राहत.

क्लाउडवाला_पोट्टा
पाच वर्षांनी तुमच्या डब्ब्याला कबाडीवाला किती देतो काका? 🙏

गांधीबागवाला
सगळ्यांना धन्यवाद. ताई, फर्म आहे, पार्टनरशिप. तुमचं वाचलं अन् राहवलं नाही, गल्ला बंद करून बसलो होतो तो परत उठून पीसी चालू केला. मुनीमजी रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर बॅकअप घेतात, मी स्वतः पाहतो त्यांना घेताना. भाच्याला फोनवर धरून त्याच्या सांगण्यावरून ऑल्ट-वाय दाबून रिस्टोर करून पाहिलं, वेगळ्या फोल्डरमध्ये. उघडलं पण शेवटची एंट्री दिवाळीच्या आधीची. मुनीमजी रोज मन लावून मागच्या वर्षीची कंपनी, म्हणजे टॅलीतली जुनी हिशोबाची वही, कॉपी करून राहिले होते.

सर्व्हरवाल्याला उद्या येऊ नको म्हणून सांगितलं. आधी मुनीमजींसोबत बसतो.