'द वायर': ओमारच्या मृत्यूची बातमी गसने का घेतली नाही?

ओसरी:
'द वायर' या अमेरिकी मालिकेच्या पाचव्या सीझनमधला 'क्लॅरिफिकेशन्स' (म्हणजे खुलासे) हा आठवा भाग काल दुसऱ्यांदा पाहिला आणि एका प्रश्नाने पाठ सोडलेली नाही. (ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी पुढे वाचू नये, कथानक उघड होईल.) ज्याच्या नुसत्या चाहुलीने बाल्टिमोरच्या गल्ल्या ओस पडत, तो अमली पदार्थ विकणाऱ्यांना लुटणारा ओमार मोडलेला पाय ओढत दुकानात सिगारेट घ्यायला येतो आणि केनार्ड नावाचा शाळकरी वयाचा पोरगा मागून त्याला गोळी घालतो. पुढे 'बाल्टिमोर सन' या दैनिकाच्या कचेरीत वार्ताहर अल्माकडे दोन छोट्या बातम्या असतात, एक घराला लागलेल्या आगीची आणि दुसरी दुकानात मारल्या गेलेल्या माणसाची. जागा एकीपुरतीच उरलेली असते आणि तिथला संपादक गस आगीची बातमी घेतो. टेम्पलटन या वार्ताहराच्या बनावट बातम्यांचा संशय ज्याला येतो, तो त्या कचेरीतला सर्वांत सचोटीचा माणूस म्हणजे गस. मग ही बातमी त्याच्याच हातून का जावी?

रातपाळी:
मी बारा वर्षे एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो, म्हणून हा प्रसंग मला फार जवळचा वाटतो. पान सोडायला दहा मिनिटे उरलेली असताना हातात दोन एककॉलमी बातम्या असतात, तेव्हा माणूस नाव शोधतो, आणि नाव ओळखीचे नसेल तर ती बातमी उडते. एकदा मी 'अनोळखी इसमाचा मृतदेह' अशी चार ओळींची बातमी काढून टाकली होती. दुसऱ्या दिवशी बाजार समितीतले पंधरा-वीस हमाल कचेरीत आले. तो त्यांचा मुकादम होता, आणि गावात त्याला न ओळखणारे आम्हीच निघालो. गसने जे केले ते मीही केले असते, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

उंबरठा:
आपल्या प्रश्नाचे उत्तर मला याच सीझनच्या तिसऱ्या भागात सापडते. तिथे ट्विग या जुन्या क्राईम रिपोर्टरला पैसे देऊन नोकरीतून मोकळे केले जाते. डॅनियल्स पोलीस आयुक्त होऊ शकतो असा विषय निघतो, तेव्हा हाच ट्विग कुठलाही कागद न चाळता त्या अधिकाऱ्याची सगळी कारकीर्द तोंडपाठ सांगतो. त्याच्या जागी आलेली अल्मा मेहनती आणि प्रामाणिक आहे, पण ओमार लिटल कोण हे तिला सांगायला कचेरीत कोणी उरलेलेच नाही. मालिकेचा कर्ता डेव्हिड सायमन स्वतः १९८२ ते १९९५ 'बाल्टिमोर सन'मध्ये पोलीस-वार्ताहर होता आणि अशाच योजनेतून पैसे घेऊन बाहेर पडला, त्यामुळे वृत्तपत्राच्या या भागात त्याचा राग कधी कधी पात्रांवर स्वार होतो हे मान्य करूनही ट्विगचे दृश्य मला अस्सल वाटते. शिवाय २००७ साली त्या शहरात २८२ खून झाले होते. इतक्या खुनांतून नेमका कोणता खून बातमी आहे, हे ओळखायला ट्विगसारखाच माणूस लागतो.

पाटीपेन्सिल:
उंबरठा यांच्याशी मी बराचसा सहमत आहे, पण एक गोष्ट सुटते आहे. पोलिसांना ओमार कोण ते पक्के ठाऊक आहे. खुनांचा तपास करणाऱ्या बंकला ओमारजवळ मार्लो या टोळीप्रमुखाच्या माणसांच्या नावांची यादी सापडते, म्हणजे ही बातमी शहरातच होती, फक्त ती कचेरीपर्यंत पोहोचली नाही. पूर्वी हवालदारापासून इन्स्पेक्टरपर्यंत ज्याची ऊठबस असे असा वार्ताहर एका फोनवर हे काढून घेत असे. शेवटचे दृश्यही पुन्हा पाहावे. शवागारात ओमारच्या नावाची चिठ्ठी एका गोऱ्या माणसाच्या मृतदेहाशी अदलाबदल झालेली असते, आणि तिथला कर्मचारी दोन्ही चेहरे बघून ती नीट लावतो. नावाची चूक दुरुस्त करणारा त्या रात्री तोच एकटा भेटतो, म्हणून भागाच्या नावातला 'खुलासा' मला तिथेच लागू पडतो असे वाटते.

ओसरी:
सर्वांचे मनापासून आभार. ट्विगचा प्रसंग पुन्हा पाहिला. गस उभा राहून ऐकत असतो, आणि असे सांगणारा माणूस आता कचेरीतून जाणार हे त्याला कळत असते, हे पहिल्या वेळी माझ्या लक्षातच आले नव्हते. तिसऱ्या सीझनमध्ये लहान मुले रस्त्यावर ओमार-ओमार खेळताना दिसतात आणि आपल्याला ओमार व्हायचे आहे म्हणून भांडतात. त्यांच्यातला एक केनार्ड आहे.