मदत हवी आहे: थायरिस्टरवर बल्ब विझत नाही आणि बझर टिकत नाही, पीस एकच!

नमस्कार मंडळी. मी मूळचा वायरिंगवाला. फॅन रेग्युलेटर, इन्व्हर्टर उघडून बघण्यापुरतं इलेक्ट्रॉनिक्स येतं, त्यापुढे अंधार. आमच्या इमारतीची गच्चीवरची टाकी आठवड्यातून दोनदा तरी वाहते, म्हणून ती भरली की वाजणारी घंटा करायला घेतली. एकदा वाजली की कुणीतरी येऊन बंद करेपर्यंत वाजत राहावी, एवढीच अट. कुणीतरी म्हणालं, 'एससीआर (म्हणजे थायरिस्टरच) लाव, तो एकदा चालू झाला की झाला.' पुण्याच्या तपकीर गल्लीतून बीटी१५१ नावाचा एससीआर आणला. त्याला तीन पाय: अ‍ॅनोड, कॅथोड आणि चालू करणारं गेट.

जोडणी: १२ व्होल्टची बॅटरी, प्लसपासून लोड (चालवायची वस्तू), लोडपासून अ‍ॅनोड, कॅथोड मायनसला. गेटला प्लसवरून फ्लोट स्विच (पाण्याबरोबर वर गेला की जुळणारा) आणि ४७० ओहमचा रेझिस्टर.

१) लोड म्हणून गाडीचा १० वॅटचा बल्ब लावला. फ्लोट वर केला, पेटला. फ्लोट खाली, तरी पेटलेलाच. गेटची वायर उपटली, गेट मायनसला टेकवलं, तरी विझेना. शेवटी बॅटरी काढली.

२) बल्ब काढून पिझो बझर लावला. फ्लोट वर असेपर्यंत वाजतो, खाली केला की गप्प.

३) बॅटरीऐवजी १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर थेट लावला, बल्ब पुन्हा जोडला. मिणमिणता पेटला, आणि फ्लोट खाली केल्यावर आपोआप विझला!

दुकानदार म्हणतो पीस खराब. तिन्ही वेळा पीस तोच होता. नक्की चुकतंय कुठे?

सोल्डरगन:
पीस ठणठणीत आहे, टाकू नका. तुम्ही एका संध्याकाळी एससीआरचे तिन्ही स्वभाव बघितलेत.

पिंपातून नळीने पाणी काढताना एकदा तोंडाने ओढावं लागतं. धार लागली की तोंड काढलं तरी पाणी येतच राहतं. गेट म्हणजे ते ओढणं. धार थांबवायची तर नळी दाबा, नाहीतर पिंपातून बाहेर काढा. दुसरा उपाय नाही. तुमचा बल्ब म्हणजे लागलेली धार.

जुना_वायरमन:
नळीचा दाखला छान, पण बझर का टिकला नाही ते त्यात येत नाही. थोडं आत जाऊ.

एससीआरमध्ये सिलिकॉनचे चार थर असतात, पी-एन-पी-एन. मधून तिरका छेद घेतला तर एक पीएनपी आणि एक एनपीएन असे दोन ट्रान्झिस्टर एकमेकांना चिकटलेले दिसतात. पहिल्याचा कलेक्टर दुसऱ्याच्या बेसला करंट देतो, दुसऱ्याचा पहिल्याच्या. गेटमधून थोडा करंट गेला की एनपीएन जागा होतो, तो पीएनपीला उठवतो, आणि पीएनपी परत एनपीएनला. मग गेट हवंय कुणाला? तुम्ही गेट मायनसला टेकवून जे खेचलंत, त्यापेक्षा कितीतरी जास्त करंट पीएनपी आतून पुरवत होता. बल्बचा करंट पाऊण अँपिअरच्या वर आहे!

मात्र हे ट्रान्झिस्टर फार कमी करंटवर आळशी असतात. दोघांची मिळून वाढ पुरेशी झाली नाही तर साखळी जुळत नाही. म्हणून प्रत्येक एससीआरचे दोन आकडे बघायचे: लॅचिंग करंट, म्हणजे गेट सोडताना किमान एवढा वाहत असायला हवा, आणि होल्डिंग करंट, म्हणजे नंतर याच्या खाली गेला की सुटला. बीटी१५१ला लॅचिंग जास्तीत जास्त ४० मिलीअँपिअर आणि होल्डिंग २० धरून चाला. तुमचा बझर किती घेतो? मीटर लावा.

ट्रान्सफॉर्मरचं सोपं आहे. ५० हर्ट्झवर करंट सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो, त्यातले ५० वेळा सुलट्याचा उलटा होतो. तिथे एससीआर दरवेळी सुटतो, आणि उलट्या अर्ध्या लाटेत तो चालतच नाही, म्हणून बल्ब मिणमिणता. चंद्रपूर ते पडघे ही ५०० किलोव्होल्टची डीसी लाइन आहे ना, १५०० मेगावॅटची, तिच्या दोन्ही टोकांचे थायरिस्टरही बंद होण्यासाठी असेच बाजूच्या एसी ग्रीडवर अवलंबून असतात. आकार केवढाही असो, गेटने चालू करता येतो, बंद नाही. गेटने बंद होणारा जीटीओ (गेट टर्न-ऑफ थायरिस्टर) वेगळा, त्याला मात्र उलटा करंट भरपूर द्यावा लागतो.

एक रागाची गोष्ट: एसीवर तुमच्या गेटला उलट्या लाटेत १७ व्होल्टपर्यंत उलटा दाब बसला. गेटची सोसण्याची मर्यादा ५ आहे. ४७० ओहम मध्ये होता म्हणून वाचलात. पुन्हा करायचं असेल तर गेटच्या वाटेत एक डायोड (एकाच दिशेने करंट सोडणारा) घाला. आणि घरातल्या २३० व्होल्टवर हा खेळ अजिबात नको.

धागाकर्ता:
काका, मीटर लावला. बझर ८ मिलीअँपिअर! म्हणजे ४७० ओहममधून गेटला जाणारे २४ त्याच्या तिप्पट. हसावं की रडावं? मग बझरला वाढीव लोड जोडायचा का?

सोल्डरगन:
हो, बझरला समांतर २२० ओहम. एससीआरवर साधारण एक व्होल्ट पडतो, उरलेल्या ११ व्होल्टमध्ये ५० मिलीअँपिअर मिळतील. बझर धरून ५८, म्हणजे ४०च्या वर आरामात. रेझिस्टर १ वॅटचा घ्या.

धागाकर्ता:
पाव वॅटचा पडलेला होता तोच लावला. दोन मिनिटांत काळा झाला, वास घरभर. बायकोने बझरपेक्षा जोरात अलार्म दिला. आता १ वॅटचा लावलाय, बझर टिकतो.

बंद करायला सप्लायच्या वाटेत दाबल्यावर सप्लाय तोडणारं बटण टाकलं. पण टाकी भरलेली असली की बटण सोडताच पुन्हा वाजतं. शिवाय लिफ्टची मोटर सुरू झाली की टाकी रिकामी असतानाही घंटा होते.

जुना_वायरमन:
पहिलं सरळ आहे. फ्लोट वर आहे म्हणजे गेटला करंट चालूच आहे. गेटला सतत नव्हे, फक्त टिचकी द्या. ४७० ओहमच्या वाटेत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला, प्लसची बाजू फ्लोटकडे, आणि त्याला समांतर १०० केचा (किलोओहमचा) रेझिस्टर. फ्लोट वर गेला की काही मिलिसेकंद झटका, मग जवळजवळ काही नाही. फ्लोट खाली आल्यावर १०० के त्याला दोन-तीन सेकंदांत रिकामा करतो, पुढच्या फेरीला तयार.

दुसरं तुमच्या लांब वायरीचं काम आहे. गच्चीपासून खालपर्यंत आलेली वायर म्हणजे अँटेनाच, मोटरचा झटका गेटपर्यंत पोचतो. त्यातच अ‍ॅनोडवर व्होल्टेज एकदम चढलं तर आतल्या जंक्शनच्या कपॅसिटन्समधून करंट जातो आणि गेटला हात न लावता एससीआर पेटतो. गेट आणि कॅथोडमध्ये १ के आणि ०.१ मायक्रोफॅरड, दोन्ही एससीआरच्या पायांना अगदी लागून टाका. तो १ के नसेल तर वरचा १०० केचा गळका करंटसुद्धा पीस पेटवू शकतो, म्हणून विसरू नका.

तांब्याची_तार:
एवढी कटकट करण्यापेक्षा रिले लावून त्याचाच एक कॉन्टॅक्ट कॉइलला दिला तर लॅच होतं की! आमच्या स्टार्टरमध्ये तेच असतं.

जुना_वायरमन:
होतं, बरोबर आहे. पण मग हा धागा निघाला नसता.

धागाकर्ता:
चार दिवस झाले, लिफ्ट कितीही फिरो, घंटा गप्प. काल पहाटे टाकी भरली, वाजली. बटण मुद्दाम तळमजल्यावर मोटरच्या स्विचशेजारी बसवलंय. घंटा बंद करायला जो कुणी उतरेल, त्याला मोटर समोरच दिसेल. काल तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा शिव्या देत उतरले आणि दोन्ही बंद करून गेले.