पुस्तिका एक सांगते, प्रोग्राम दुसरेच करतो: दुरुस्ती कुठे करावी?

प्रश्न (इंदूर)

नमस्कार. सियागंजातील काही घाऊक व्यापारी आमचा बिलिंगचा प्रोग्राम वापरतात. कराची रक्कम पूर्ण रुपयांत आणताना पन्नास पैसे किंवा त्याहून अधिक असल्यास रुपया वाढतो, असे आमच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे. प्रत्यक्षात ११२१.५० चे ११२२ होतात, पण ११२०.५० चे ११२० च राहतात; एका पेढीवरच्या मुनीमजींनी हे दाखवून दिले. माझ्या सहकाऱ्यांच्या मते, याच आकड्यांवर आजवर बिले निघाली आणि विवरणपत्रे भरली गेली, म्हणून पुस्तिकेतले वाक्य बदलावे. मला ते पटत नाही, पण चालत्या प्रोग्रामला हात लावण्याचीही धास्ती वाटते. निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

उत्तर १ (वडोदरा)

पुस्तिकेतले वाक्य लिहिले गेले तेव्हा ते खरे होते का, हे आधी तपासावे. प्रोग्राम पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत असेल तर कारण बहुधा तिथेच सापडेल. पायथॉन २ मधील राउंड हे फंक्शन ११२०.५० चे ११२१ करीत असे. पायथॉन ३ मध्ये तेच फंक्शन बरोबर अर्ध्यावरची रक्कम जवळच्या सम संख्येकडे नेते, म्हणून ११२० जागीच राहतात आणि ११२१.५० चे ११२२ होतात. तसे असेल, तर आपल्याकडे कुणी विचार करून नियम बदललेला नाही, आणि कुणीही न ठरवलेली गोष्ट केवळ बरेच दिवस चालली म्हणून तिला नियमाचा मान देता येत नाही.

शिवाय इथे तिसरा साक्षीदारही आहे. केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ च्या कलम १७० प्रमाणे कर, व्याज, दंड अशा रकमांत पन्नास किंवा अधिक पैसे असतील तर रुपया वाढवायचा आणि कमी असतील तर ते सोडून द्यायचे. पुस्तिका कायद्याला धरून आहे. दुरुस्ती प्रोग्राममध्येच व्हावी.

उत्तर २ (इंदूर)

या प्रकरणात सहमत आहे, पण दरवेळी पुस्तिकाच खरी, असे धरून चालू नये. पायथॉन ३.६ मध्ये डिक्शनरीतील (नावासमोर माहिती साठवणाऱ्या रचनेतील) नोंदी भरल्या त्याच क्रमाने मिळू लागल्या, तेव्हा त्या क्रमावर विसंबू नये असे दस्तऐवजांत म्हटले होते. २०१८ च्या ३.७ आवृत्तीत तोच क्रम भाषेचा नियम झाला. तिथे दस्तऐवज बदलणेच योग्य होते, कारण त्या क्रमाने कुणाचे काही बिघडत नव्हते आणि लोकांची सोय होत होती.

आपल्या सहकाऱ्यांची भीतीही अनाठायी नाही. २०१० मध्ये ग्लिबसी या लिनक्सच्या मूलभूत लायब्ररीतील मेमसीपीवाय या, मेमरीतील माहितीची नक्कल करणाऱ्या फंक्शनची अंतर्गत रचना बदलली आणि फेडोरा १४ या लिनक्स प्रणालीवर फ्लॅश प्लेअरचा आवाज बिघडला. मेमरीचे एकमेकांवर येणारे भाग या फंक्शनला देऊ नयेत, असा नियम आधीपासून होता; फ्लॅश प्लेअर तो पाळत नव्हता. म्हणजे कागदावर ग्लिबसी निर्दोष होती. तरीही २.१४ आवृत्तीत, आधी तयार झालेल्या प्रोग्रामांना जुनीच पद्धत मिळेल अशी तजवीज करावी लागली. आपणही नवा नियम ठरावीक तारखेपासून लावावा. जुने बिल पुन्हा छापताना किंवा त्यावर क्रेडिट नोट काढताना साठवलेली रक्कमच घ्यावी, नव्याने हिशेब करू नये. नाहीतर एका रुपयासाठी व्यापाऱ्याची खाती जुळणार नाहीत.

प्रश्नकर्ता

पुस्तिका पायथॉन २ च्या काळातलीच निघाली. आता पायथॉनच्या डेसिमल या दशांश हिशेबाच्या मॉड्यूलमधील राउंड हाफ अप (अर्धा आल्यास वर) हा पर्याय नाव घेऊन लिहीन, कारण तिथेही न सांगता मिळणारी पद्धत सम संख्येचीच आहे. वरच्या दोन्ही रकमांच्या चाचण्याही कायमच्या ठेवीन. भरून झालेल्या विवरणपत्रांचे काय करावे?

उत्तर ३ (इंदूर)

तो निर्णय व्यापाऱ्याच्या सीएंचा आहे. प्रोग्रामने परस्पर काही दुरुस्त करू नये. त्यांना यादी मात्र काढून द्यावी. कराची रक्कम सम रुपये आणि बरोबर पन्नास पैसे आली होती, तेवढीच बिले तिच्यात येतील.